रोज एक कोडे, सगळ्यांचे एकच!

विशेष प्रतिनिधी

सकाळच्या वर्तमानपत्राची घडी उलगडली की पहिल्या पानावरील ठळक मथळ्यांना बगल देऊन थेट आतल्या पानावरील काळ्या-पांढऱ्या चौकोनांकडे वळणारे वाचक आजही अनेक मराठी घरांत आढळतात. हातात पेन्सिल, कपाळावर आठी आणि 'चार अक्षरी, शेवटी स, सांगा बघू' असा स्वयंपाकघराच्या दिशेने भिरकावलेला प्रश्न, हे दृश्य कोणालाही अपरिचित नाही. लोकलच्या डब्यात शेजारच्या प्रवाशाच्या अंकात डोकावून, न विचारता उत्तर सुचवणारे महाभागही काही कमी नसतात. गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्राच्या जोडीला मोबाइलचा पडदा आला आणि स्वयंपाकघराकडे जाणारा प्रश्न कुटुंबाच्या किंवा मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जाऊ लागला, एवढाच काय तो बदल.

वरवर पाहता शब्दकोडे हा एकट्याने खेळण्याचा खेळ. त्यासाठी प्रतिस्पर्धी लागत नाही, पंच लागत नाही, मैदानही लागत नाही. परंतु शंभराहून अधिक वर्षांच्या त्याच्या प्रवासावर नजर टाकली तर वेगळेच चित्र दिसते. ज्या कोड्यांनी लोकांना वर्षानुवर्षे बांधून ठेवले, ती सारी सोबतीने सुटणारी कोडी होती. ही सोबत दोन गोष्टींवर उभी असते. कोडे रचणाऱ्याने प्रामाणिकपणे रचावे आणि सोडवणाऱ्याने दुसऱ्याचा आनंद हिरावून घेऊ नये. यातील एक जरी ढळली तरी खेळाची रया जाते. हे कसे घडते, ते समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

नाताळच्या अंकातील प्रयोग

आधुनिक शब्दकोड्याचा जन्मदिवस निश्चित सांगता येतो. २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या दैनिकाच्या रविवारच्या 'फन' या पुरवणीत आर्थर विन यांनी रचलेले एक कोडे प्रसिद्ध झाले. विन मूळचे इंग्लंडमधील लिव्हरपूलचे. नाताळच्या अंकासाठी काहीतरी नवे हवे होते, म्हणून त्यांनी शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट आखली आणि तिला 'वर्ड-क्रॉस' असे नाव दिले. काही आठवड्यांतच छपाईत शब्दांची अदलाबदल झाली, 'वर्ड-क्रॉस'चे 'क्रॉस-वर्ड' झाले आणि ते चुकीचे नावच जगभर रूढ झाले.

१९२४ मध्ये रिचर्ड सायमन आणि मॅक्स शुस्टर या दोन तरुणांनी आपल्या नव्या प्रकाशनसंस्थेचे पहिले पुस्तक म्हणून शब्दकोड्यांचा संग्रह काढला. सोबत एक पेन्सिलही जोडलेली होती. पुस्तक हातोहात खपले आणि अमेरिकेला कोड्यांचे अक्षरशः वेड लागले. त्याच वर्षी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मात्र हा सारा वेळेचा अपव्यय असल्याचे सांगून नाक मुरडले. गंमत अशी की, पुढे याच दैनिकाला आपला हट्ट सोडावा लागला. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली आणि युद्धवार्तांनी काळवंडलेल्या पानांत वाचकाला घटकाभर विसावा हवा, ही गरज संपादकांना पटली. १५ फेब्रुवारी १९४२ पासून त्या दैनिकाच्या रविवारच्या अंकात शब्दकोडे येऊ लागले. मार्गारेट फरार या त्याच्या पहिल्या संपादक होत्या. १९५० पासून ते रोज प्रसिद्ध होऊ लागले.

सरळ सूचना, तिरकी सूचना

अमेरिकेतून हा खेळ इंग्लंडमध्ये गेला तेव्हा त्याने वेगळे वळण घेतले. 'डेली टेलिग्राफ'ने १९२५ मध्ये आणि 'द टाइम्स'ने १९३० मध्ये शब्दकोडी सुरू केली. तेथे हळूहळू 'क्रिप्टिक' म्हणजे गूढ सूचनांची परंपरा रुजली. साध्या कोड्यात सूचना म्हणजे शब्दाचा अर्थ असतो. 'अरण्यातील वास्तव्य' असे म्हटले की 'वनवास' हे उत्तर निघते. गूढ सूचनेत मात्र शब्दाचा अर्थ आणि शब्दाची घडण या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात लपवलेल्या असतात.

मराठीत हे किती रंगतदार होऊ शकते, ते पाहण्यासाठी काही नमुने करून पाहू. 'रानाचा गंध रामाच्या वाट्याला आला', अक्षरे चार. रान म्हणजे वन, गंध म्हणजे वास, आणि दोन्ही जोडून जे होते ते रामाच्या वाट्याला आलेच होते. उत्तर तेच, 'वनवास', पण येथे ते डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. दुसरा नमुना, 'बस रसवंतीत दडलेले उत्तम', अक्षरे तीन. 'बस रसवंती' ही अक्षरे सलग वाचली तर मध्येच 'सरस' सापडते. तिसरा, 'सरकारला द्यावा लागला, तरी खांद्याला राहतोच', अक्षरे दोन. उत्तर 'कर'. चौथा, 'डावीकडून पाहा वा उजवीकडून, डोळा तोच', अक्षरे तीन. उत्तर 'नयन'.

या चारही सूचनांमध्ये वाचकाला चकवले आहे, पण फसवलेले नाही. उत्तर कळल्यावर सूचना पुन्हा वाचली तर प्रत्येक शब्द आपापल्या जागी चपखल बसतो. उत्तम कोडेकाराची ओळख हीच. आपण हरलो तरी 'हे मला सुचायला हवे होते' असेच सोडवणाऱ्याच्या तोंडून निघाले पाहिजे. 'हे कोणाला कसे सुचणार?' असे तो म्हणाला, तर दोष कोडेकाराकडे जातो.

इंग्लंडमध्ये या चकव्याची कदर युद्धकाळात लष्करानेही केली. जानेवारी १९४२ मध्ये 'डेली टेलिग्राफ'चे कोडे १२ मिनिटांच्या आत सोडवण्याची स्पर्धा झाली आणि त्यात चमकलेल्या काही जणांना पुढे ब्लेचली पार्क येथील गुप्तलेखन उलगडण्याच्या कामासाठी बोलावणे आले.

कोडेकार आणि वाचक यांच्यातील नाते किती जिव्हाळ्याचे असू शकते, याचे उदाहरण अलीकडचे आहे. 'गार्डियन'मध्ये 'अराउकेरिया' या टोपणनावाने जॉन ग्रॅहम नावाचे एक धर्मोपदेशक अनेक दशके कोडी रचत. जानेवारी २०१३ मध्ये त्यांच्या एका कोड्यावर छोटीशी टीप होती. कोडेकाराला अमुक क्रमांकाचा विकार झाला असून त्यावर तमुक क्रमांकाचे उपचार चालू आहेत, अशा आशयाची. वाचक नेहमीप्रमाणे घरे भरत गेले आणि उत्तरे उमटली ती अन्ननलिकेचा कर्करोग आणि वेदनाशामक शुश्रूषा अशी. वयाची नव्वदी ओलांडलेल्या त्या माणसाने आपल्या अखेरच्या आजाराची वार्ता वाचकांना त्यांच्या नेहमीच्या भाषेतच कळवली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. न भेटलेल्या माणसांमध्येही रोजच्या कोड्याने केवढी जवळीक निर्माण होते, हे यावरून ध्यानात यावे.

कोडे की जुगार?

याच खेळाची दुसरी बाजू आपल्या देशाने पाहिली आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात भारतात बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे मोठे पेव फुटले होते. प्रवेशशुल्क भरून उत्तरे पाठवायची आणि घसघशीत बक्षिसाची वाट पाहायची, असा तो प्रकार. त्यातील मेख अशी, की एका सूचनेला एकाहून अधिक शब्द सारखेच बसत. त्यातील 'बरोबर' कोणता, हे संयोजकांनी आधीच ठरवून मोहोरबंद केलेल्या उत्तरावर अवलंबून असे. भाषेचे ज्ञान कितीही असले तरी अखेरचा निर्णय नशिबाच्या हाती.

यास आवर घालण्यासाठी १९५५ मध्ये संसदेने बक्षीस स्पर्धांविषयीचा कायदा केला. महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक मूल्याची बक्षिसे देणाऱ्या स्पर्धांना त्यात मनाई करण्यात आली. त्याखालील स्पर्धांना परवाना बंधनकारक झाला आणि प्रवेशिकांची संख्या दोन हजारांपुरती मर्यादित करण्यात आली. अशा स्पर्धा चालवणाऱ्या आर. एम. डी. चमारबागवाला यांनी या निर्बंधांना आव्हान दिले. एप्रिल १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. जुगाराच्या स्वरूपाच्या स्पर्धांना व्यापाराच्या मूलभूत हक्काचे संरक्षण नाही, मात्र ज्या स्पर्धांत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून आहे त्यांना हा कायदा लागू होत नाही, असा त्याचा सारांश. कौशल्याचा खेळ कोणता आणि नशिबाचा कोणता, या वादात हा निकाल पुढेही वारंवार उद्धृत होत राहिला.

सामान्य वाचकासाठी यातील बोध सोपा आहे. ज्या कोड्याच्या सूचनेतून एकच उत्तर निघते ते कोडे, आणि ज्यातून तीन निघतात ती सोडत. बक्षिसाची रक्कम वाढली की शेजारी हा सोबती राहत नाही, तो स्पर्धक होतो. आपले उत्तर त्याला सांगण्यात कोणालाच स्वारस्य उरत नाही.

मराठी चौकटीची गंमत

मराठी शब्दकोडे हे इंग्रजी कोड्याचे निव्वळ अनुकरण आहे, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. चौकट तीच असली तरी घरात काय बसते, यात मूलभूत फरक आहे. इंग्रजीत एका घरात २६ वर्णांपैकी एक बसतो. मराठीत एका घरात पूर्ण अक्षर बसते, म्हणजे व्यंजन, त्याची काना-मात्रा आणि जोडाक्षर असल्यास तेही. 'पुस्तक' हा शब्द तीन घरांचा, पु, स्त आणि क. 'महाराष्ट्र' चार घरांचा. नुसती ३४ व्यंजने बाराखडीत फिरवली तरी चारशेहून अधिक अक्षरे होतात, जोडाक्षरे वेगळीच.

याचा सोडवणाऱ्याला लाभ होतो. आडव्या शब्दातून एक घर भरले की उभ्या शब्दाविषयी बरेच काही कळते. त्या घरात 'रा' असेल तर तेथे र, री किंवा रु चालणार नाही. व्यंजनही निश्चित आणि स्वरही निश्चित. इंग्रजीत एका घरातून एवढी माहिती मिळत नाही. रचणाऱ्याची मात्र तारांबळ उडते. 'महाराष्ट्र'मधील 'ष्ट्र' ज्या घरात येतो, तेथून उभा शब्द काढायचा म्हटले तर 'सौराष्ट्र', 'धृतराष्ट्र' अशी मोजकीच नावे हाताशी येतात. त्यामुळे जाणकार रचनाकार असे अक्षर शक्यतो कोपऱ्यात, ज्याला दुसरा शब्द छेदत नाही अशा घरात ठेवतो.

दुसरा पेच ऱ्हस्व-दीर्घाचा. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले शुद्धलेखनाचे १४ नियम राज्य शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडून ते १८ झाले. या नियमांनुसार 'कवी' दीर्घ, पण 'कविता' ऱ्हस्व. 'विहीर' लिहिताना 'ही' दीर्घ, पण 'विहिरीत' म्हणताना तोच ऱ्हस्व. शाळेत पाठ केलेले हे नियम एरवी कंटाळवाणे वाटतात. कोड्यात मात्र 'विहीर'च्या मधल्या घरातून 'हिरा' हा उभा शब्द निघत नाही, तेव्हा त्यांचे प्रयोजन आपोआप पटते. काही वर्तमानपत्री कोड्यांत याबाबत ढिलाई दिसते आणि चाणाक्ष वाचक त्यावर नाराज होतात. त्यांची नाराजी रास्त आहे. नियम एकदा वाकवला की सोडवणाऱ्याचा छेदणाऱ्या शब्दावरील भरवसा उडतो.

शब्दकोडे सोडवताना घरातील सर्वांची गरज का लागते, याचेही उत्तर मराठीत सहज सापडते. जात्याच्या खुंट्याला काय म्हणतात हे आजीला ठाऊक, नाटकातील पात्राचे नाव वडिलांना आणि क्रिकेटपटूचे आडनाव नातवाला. विदर्भातून आलेल्या सुनेकडे एक शब्द, कोकणातल्या सासूकडे दुसरा. एकाच माणसाकडे सारा शब्दसंग्रह नसतो, आणि म्हणूनच चौकट पूर्ण होताना सगळ्यांचा वाटा लागतो.

पाच अक्षरे, सहा प्रयत्न

या सामूहिक आनंदाचा सर्वात अलीकडचा आविष्कार म्हणजे 'वर्डल'. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहणारे सॉफ्टवेअर अभियंता जोश वॉर्डल यांनी आपल्या सहचारिणी पलक शाह यांना शब्दखेळांची आवड म्हणून तो तयार केला. पाच वर्णांचा एक इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा. वर्ण योग्य जागी असेल तर हिरवा, शब्दात आहे पण जागा चुकली असेल तर पिवळा, मुळातच नसेल तर करडा. इंग्रजीतील पाच वर्णांचे शब्द सुमारे १२ हजार. त्यांतून सर्वपरिचित असे अडीच हजारांच्या आसपास शब्द शाह यांनी वेगळे काढले. कोणालाही न ठाऊक असलेला शब्द उत्तर म्हणून येऊ नये, हा त्यामागील हेतू. प्रामाणिक कोड्याचा नियम येथेही पाळला गेला, तो असा.

ऑक्टोबर २०२१ मध्ये हा खेळ सर्वांसाठी खुला झाला. १ नोव्हेंबर रोजी तो खेळणारे ९० जण होते. दोन महिन्यांनी ही संख्या तीन लाखांवर गेली. जानेवारी २०२२ च्या अखेरीस 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो दशलक्षावधी डॉलर मोजून विकत घेतला. ज्या दैनिकाने १९२४ मध्ये कोड्यांना हिणवले, त्याचाच हा निर्णय!

या यशाचे रहस्य तंत्रज्ञानात नव्हते. दिवसाला एकच कोडे आणि साऱ्या जगाला तेच. आणखी खेळायची इच्छा झाली तरी तेव्हा उद्याची वाट पाहावी लागे. मोबाइलवरील बहुतेक खेळ माणसाला अधिकाधिक वेळ अडकवून ठेवण्यासाठी रचलेले असताना, हा खेळ काही मिनिटांत संपतो. उत्तर न फोडता केवळ रंगीत चौकोनांची जाळी पाठवून आपली कामगिरी इतरांना सांगता येते, ही दुसरी युक्ती. त्या जाळीत शब्द नसतो, पण झालेली फजिती पूर्ण दिसते. परदेशी स्थायिक झालेला मुलगा आणि पुण्यात राहणारी आई यांना रोज बोलण्यासारखे विषय असतीलच असे नाही. रंगीत चौकोन मात्र रोज पाठवता येतात. 'मी बरी आहे, उठले आहे, डोके चालते आहे,' एवढे त्यातून न सांगता पोहोचते.

ही अतिशयोक्ती नव्हे. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत शिकागोनजीकच्या एका उपनगरात एकट्या राहणाऱ्या ८० वर्षांच्या महिलेच्या घरात रात्री एक घुसखोर शिरला आणि त्याने तिला तासन् तास कोंडून ठेवले. दूरच्या शहरात राहणाऱ्या तिच्या मुलीच्या मनात शंकेची पाल चुकचुकण्याचे एक कारण म्हणजे, रोज सकाळी न चुकता येणारा आईचा वर्डलचा निकाल त्या दिवशी आलाच नव्हता. पोलिसांना कळवण्यात आले आणि त्या महिलेची सुखरूप सुटका झाली. रोजच्या सवयीची सोबत किती मोलाची असते, हे सांगण्यास याहून वेगळा दाखला नको.

बुद्धीला खुराक?

कोडी सोडवल्याने म्हातारपणी स्मृतिभ्रंश होत नाही, असे सर्रास सांगितले जाते. एवढा ठाम दावा करण्याजोगा पुरावा नाही. मुळात ज्यांची बुद्धी तल्लख तेच कोड्यांकडे वळतात, असेही असू शकते. अमेरिकेतील कोलंबिया आणि ड्यूक विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या संदर्भात उल्लेखनीय आहे. स्मरणशक्ती किंचित मंदावू लागलेल्या १०७ जणांपैकी काहींना संगणकावर शब्दकोडी, तर काहींना बुद्धीला चालना देणारे खेळ देण्यात आले. ७८ आठवड्यांनंतर शब्दकोडी सोडवणाऱ्यांची स्थिती तुलनेने बरी आढळली. मात्र यांपैकी काहीच न करणारा गट त्या अभ्यासात नव्हता, आणि सहभागींची संख्याही लहान होती. तेव्हा कोडे औषध म्हणून सोडवू नये. आवडते म्हणून सोडवावे.

पंगतीचे काही संकेत

या छंदाला नव्याने लागू इच्छिणाऱ्यांनी सुरुवात छोट्या चौकटीने करावी. आधी रिकाम्या जागा भरा स्वरूपाच्या सूचना आणि विशेषनामे हाताळावीत, कारण त्यांत संदिग्धता कमी असते. नंतर छेदणाऱ्या शब्दांच्या आधारे पुढे सरकावे. अडल्यास कोड्यावरून उठून दुसरे काम करावे; परतल्यावर उत्तर समोर उभे असल्याचा अनुभव अनेकांना येतो. शब्दकोश उघडण्यात कमीपणा नाही. एक शब्द शोधताना चार नवे भेटतात.

गटाने सोडवताना मात्र एक पथ्य अवश्य पाळावे. कोणी मदत मागितली तर थेट उत्तर सांगू नये. आधी सूचनेतील कोणत्या शब्दाकडे लक्ष द्यायचे ते सांगावे, मग पहिले अक्षर, आणि अगदीच नाइलाज झाला तर उत्तर. सकाळीच सोडवून मोकळे झालेल्यांनी संध्याकाळपर्यंत तोंड मिटून ठेवावे. कामावरून थकून येणारा कोणीतरी तीच चौकट उघडण्याच्या प्रतीक्षेत असतो. नवख्याने सोपा शब्द विचारला तर हसू नये. ज्याला आज 'वनवास' सुचत नाही, त्याला उद्या आपल्याला न सुचलेला शब्द सुचणार असतो.

वर्तमानपत्रातील इतर बहुतेक प्रश्नांना उत्तर मिळेल याची शाश्वती नसते. पाणी कधी येणार, रस्ता कधी होणार, भाव कधी उतरणार, हे उद्याच्या अंकातही कळेलच असे नाही. शब्दकोड्याचे उत्तर मात्र उद्या नक्की येते. तोपर्यंत 'चार अक्षरी, शेवटी स' असे कोणी विचारले, तर उत्तर माहीत असूनही क्षणभर थांबावे आणि म्हणावे, 'रामायण आठवून पाहा.'